पाइपाखालची चार बोटं

१

सोमवारी सकाळी चिकलठाण्याच्या कारखान्यातली मागची शेड उघडली, तर आत कॉम्प्रेसर नव्हता.

कॉम्प्रेसर म्हणजे काही काखोटीला मारून न्यायची वस्तू नव्हे. दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेलं ते जडशीळ धूड हलवायला दहा माणसं कमी पडायची. वाळूजकडे तेव्हा नवेनवे कारखाने उठत होते आणि त्यांच्या पायासाठी काळा पाषाण फोडायला काकासाहेबांचा कॉम्प्रेसर सतत कुठं ना कुठं धडधडत असायचा. शुक्रवारी तो परत आला होता. शनिवारी विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीसाठी बंद पुकारलेला, रविवार सुट्टीचा. सोमवारी शेड रिकामी.

आवाराला दोन फाटकं होती. पुढचं डांबरी रस्त्यावर उघडायचं आणि त्याची चावी वॉचमन कडुबाच्या कमरेला असायची. मागचं फाटक सुखना नदीच्या अंगाला होतं. त्याची चावी ऑफिसातल्या खिळ्याला, आणि ऑफिस उघडू शकणारी माणसं दोनच, मालक काकासाहेब आणि स्टोअरकीपर बद्रीनाथ. दोन्ही फाटकांची कुलपं शाबूत होती.

दुपारपर्यंत फौजदारांनी कडुबाला उचललं. संध्याकाळपर्यंत त्याच्या वस्तीतल्या आणखी पोरांची नावं घेतली जाऊ लागली. नामांतरवाल्यांनीच बंदच्या आडून मशीन लांबवलं, ही बातमी गुलमंडीच्या कापडदुकानांपर्यंत पोचली. खरं-खोटं कुणी विचारलं नाही. त्या हिवाळ्यात हवाच तशी होती.

विमा कंपनीनं चौकशीला त्रिंबक देवकते यांना पाठवलं. पुंडलिकनगरात राहणारा, चाळिशी ओलांडलेला हा शांत माणूस. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेला, आणि हा पॉलिटेक्निक करून अपघातातल्या गाड्या तपासत हिंडत होता. घाईनं बोलायची त्याला सवय नव्हती. समोरचा माणूस बोलायचा थांबला तरी त्रिंबक थांबून राहायचा, आणि मग पुष्कळदा समोरचाच आणखी काही बोलून जायचा.

"यात तपासायचं काय उरलंय, देवकते?" काकासाहेबांनी चहा पुढं सरकवत विचारलं. पांढरं धोतर, वर कोट. जालना रोडच्या दोन्ही बाजूंना एके काळी त्यांच्याच घराण्याच्या जमिनी होत्या. "नामांतरवाला माणूस मी फाटकावर ठेवला. चूक माझीच."

"तपासलं पाहिजे, काकासाहेब. रिवाज आहे," त्रिंबक म्हणाला. "कडुबाला भेटून येतो."

२

कडुबा कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. त्रिंबकला पाहून उठला, "जय भीम" म्हणाला आणि पुन्हा बसला.

"शनिवारी तू फाटकावर होतास?"

"व्हतो, साहेब. सकाळपासून. माझी सगळी माणसं रास्ता रोकोला गेलती. मला बोलावणं आलं, मी गेलो नाय. म्हणलं, ड्युटी हाय." तो किंचित हसला. "मोर्चाला गेलो असतो तर हजार साक्षीदार भेटले असते. ड्युटी केली, तर एकबी नाय. वस्तीवाले येगळे रुसलेत."

"फाटकातून काय गेलं?"

"काय नाय गेलं. दोन दिवस ते फाटक हललंच नाय."

"मागच्या अंगाला फेरी मारलीस?"

"दिवसातून दोनदा मारतो. पण शनिवारी दुपारनंतर नाय मारली. काकासाहेब सोता आले, म्हणले, आज बंद हाय, दगड-बिगड येतील, पुढचं फाटक सोडून कुठं जाऊ नको. मग नाय हललो. एमआयडीसीचा भोंगाबी त्या दिवशी नव्हता, सगळं सुन्न."

"काही ऐकू आलं?"

"मधी शेडच्या रांगा हायत, साहेब. पलीकडलं काय ऐकू येतंय."

त्रिंबक थोडा वेळ गप्प राहिला. कडुबाही. मग कडुबाच म्हणाला, "माझ्या जिवावर त्या पोरांना पकडू नका म्हणावं. परीक्षा हायत त्यांच्या."

बाहेर फौजदार खुर्चीत रेलून बसले होते. त्रिंबकनं त्यांना सरळ विचारलं, "मागच्या फाटकाचं काय?"

"ते आधीच पाहिलं," फौजदार म्हणाले. ते आळशी नव्हते, फक्त दमलेले होते. बंदोबस्तानं सगळ्या खात्याचे डोळे तांबारले होते. "मागं नदीची वाळू. साधी जीप एवढं ओझं घेऊन तिथं रुतणार. चारी चाकं ओढणारी गाडी पाहिजे. बंदमुळं ट्रॅक्टर तर एकही हलला नव्हता, तेही विचारून झालं. तशी, मागं हूक असलेली गाडी या भागात एकच. सोनाजीचा पिकअप, लष्कराच्या लिलावातला. बंद पडलेले ट्रक ओढतो तो."

"मग?"

"मग त्या गल्लीवर आडवा पाण्याचा पाइप आहे. सोनाजीच्या गाडीला मागं ट्रक उचलायचा लोखंडी सांगाडा वेल्ड केलेला. मंगळवारी मी स्वतः गाडी नेऊन पाहिली. सांगाडा पाइपाला थटतो. चार बोटं जास्त."

"चाकांची हवा सोडून?"

"तेही केलं. बोटभर उतरली. आणखी सोडली तर टायर चाकावरून निसटायला लागले. मागं पोती लादली, आणखी बोटभर. लष्करी स्प्रिंगचे पाटे, वाकता वाकत नाहीत. सांगाडा कापून परत जोडला म्हणावं, तर वेल्डिंग जुनं, गंजलेलं." फौजदारांनी हात झटकले. "मागून जाऊ शकत नाही. म्हणजे पुढून गेलं. म्हणजे कडुबा."

हिशेब चोख होता. पण कोठडीतला माणूस खोटं बोलत नाही, असं त्रिंबकला आतून वाटत होतं. दोन्ही खरं मानलं तर कॉम्प्रेसर अजून आवारातच असायला हवा, आणि तो तर नव्हता.

३

कारखान्यामागची गल्ली नदीत उतरत होती. पाइपाखाली उभं राहून त्रिंबकनं वर पाहिलं. पाइपावर खरचटल्याच्या ताज्या खुणा होत्या, पण त्या फौजदारांच्या प्रयोगाच्याही असू शकत होत्या. वाळूत गाढवांचे खूर इतके उमटलेले की चाकोरी शोधणं व्यर्थ.

नदीच्या पलीकडं वांग्यांचं एक वावर होतं. तिथं एक म्हातारी पाटाचं पाणी वळवत होती. तिचं नाव दगडाबाई. रोज पहाटे ती शहागंजात भाजी नेऊन बसायची.

"मावशी, शनिवारी इथंच होता?"

"मंग कुठं जाऊ? बंद व्हता. वांगी तोडून ठिवली व्हती, तशीच सुकली."

"इकडनं एखादी गाडी गेली का?"

"गेली की. दिस बुडताना. मागं मोठं कायतरी जोडलेलं व्हतं, ताडपत्री घातलेलं."

त्रिंबकनं तिच्याकडं पाहिलं. "पोलिसांना सांगितलं नाही?"

"इचारलं कुणी? ते नदीच्या त्या बाजूनंच माघारी गेले."

"ट्रॅक्टर होता?"

"ट्रॅक्टरचा आवाज मला कळत नाय व्हय? जीपगाडीवानी व्हती. गुमान आली, गुमान गेली, करमाडच्या अंगाला." बाईनं खोऱ्यानं बांध फोडला, पाणी पुढच्या वाफ्यात गेलं. मग ती आपणहून म्हणाली, "दिवे मात्र येड्यावानी. रस्त्यावर पडायचे सोडून आभाळाकडं. त्या बाभळीवर बगळे बसल्याले, दिव्याच्या झोतात सगळे उठले."

"गाडी चढावर असेल."

"इथं चढ कुठाय, बाबा?"

त्रिंबकनं मागं वळून पाहिलं. नदीकाठ तळहातासारखा सपाट होता. सपाट जमिनीवर गाडीचे दिवे आभाळ पाहतात ते एकाच वेळी, जेव्हा गाडीचा मागचा भाग खाली बसलेला असतो. आणि पोती लादून जो पिकअप बोटभरच उतरला, तो दिवे बगळ्यांवर जातील इतका कसा बसला होता?

४

सोनाजीचं गॅरेज जालना रोडला लागून होतं. पत्र्याची शेड, पुढं ऑइलनं काळी झालेली माती, आणि तिच्यात तो पिकअप उंच माजोरी रेड्यासारखा उभा. सोनाजी पन्नाशीतला, हातानं राठ, नजरेनं मऊ. त्रिंबकचं आडनाव ऐकताच त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्ही आपल्यातलेच की, पाव्हणं. कुठल्या गावचे?"

दोघांनी गावं सांगितली, लांबचं एक नातंही निघालं. त्रिंबक गाडीभोवती फिरत राहिला. बोलता बोलता मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला. मडगार्डच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षांचा चिखल थापून वाळला होता. पण चाकाच्या बरोबर वर एक रुंद पट्टा चाटून-पुसून काढल्यासारखा साफ होता. पत्रा चकाकत होता आणि त्यावर रबराचा काळा ओरखडा. त्यानं बोटानं मोजलं. चाक आणि पत्रा यांत आख्खा हात मावेल एवढी जागा होती. एवढ्या उंच गाडीचं चाक तिथवर पोचलं कसं?

"शनिवारी गाडी कुठं होती, सोनाजी?"

"इथंच. बंद व्हता ना." सोनाजीनं पाना उचलला, पुसला, पुन्हा ठेवला.

आतून सोनाजीची बायको सारजाबाई चहा घेऊन आली. एका गुडघ्यावर जोर देत, लंगडत चालायची. त्रिंबकनं उठून कप घेतला.

"गुडघा फार त्रास देतो का, वहिनी?"

"थंडीत लई ठणकतोय, भाऊ. आयतवारी बहिणीच्या नातीचं बारसं व्हतं, पिसादेवीला. जाऊ का नको, असं चाललं व्हतं."

"मग गेलात कशा?"

"ह्याच गाडीत, मागं बसून. एरवी मला त्यात चढायचं म्हणजे तेलाचा डबा पालथा घालावा लागतोय, वरनं दोघींनी वढायचं. पर आयतवारी देवाच्या मनात व्हतं बघा. डबा नाय, काय नाय. फळी पाडली, कठड्याला धरलं आन् पाय टाकला तर मी आत. बहिणीला म्हणलं, गुडघा सुधारला का काय माझा."

"आणि उतरताना?"

"उतरले की अल्लाद. सोमवारी पुन्हा बाजाराला जायला निघाले, तर डब्याबिगर काय केल्या चढता यीना. मंग कशाचा सुधारलाय." ती हसली आणि कपबशी घ्यायला वळली.

तेव्हा तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. हसू विझलं. "काय झालं?" तिनं हळूच विचारलं.

सोनाजी मागच्या चाकाकडं बघत होता. त्रिंबकनं चहा संपवला.

५

"सारजा, आत जा," सोनाजी म्हणाला.

"राहू द्या त्यांना," त्रिंबक म्हणाला. "त्यांनी काही वाईट केलेलं नाही. सोनाजी, मी बोलतो, चुकलं तर सांग. तू गाडीचे मागचे पाटे खाली बांधलेस. नेहमी ते अ‍ॅक्सलच्या वर बसतात. तू ते काढून अ‍ॅक्सलच्या खालून बांधलेस. गाडी मागून वीतभर उतरली, पण पाट्यांची ताकद तेवढीच राहिली. म्हणून दिवे वर गेले, म्हणून चाक मडगार्डला घासलं, म्हणून वहिनींचा गुडघा एका दिवसापुरता बरा झाला. आणि म्हणूनच सांगाडा पाइपाखालून गेला. सोमवारच्या आत तू पाटे परत जागेवर बसवलेस. मंगळवारी फौजदारांनी जी गाडी मोजली ती ही, शनिवारची नव्हे."

सोनाजीनं मडगार्डमधल्या त्या ओरखड्यावर अंगठा फिरवला.

"चोरी नाय केली मी," तो म्हणाला. "काकासाहेबांनीच सांगितलं. कॉम्प्रेसर करमाडच्या शेतावर न्यायचा. म्हणले, तुझी गाडी उंच, ट्रॉलीचं नाक वर ऱ्हातं, सगळं वजन मागं कलतं, वाळूत पलटी खाईल. मागनं खाली कर. बोलणं काय खोटं नव्हतं, पाव्हणं. उंच गाडीमागं ट्रॉली नीट चालत नाय. म्हणून केली. आन् मालकाचंच मशीन, मालकानंच फाटक उघडलं. मला त्यात काय वावगं वाटावं?"

"परत वर केव्हा केलीस?"

"आयतवारी त्यांचा निरोप आला, गाडी व्हती तशी कर. बारशावनं आलो आन् केली. सोमवारी कडुबाला नेलं तवा माझ्या ध्यानात आलं."

"आणि तू गप्प राहिलास."

"गेलो व्हतो त्यांच्याकडं. म्हणलं, मालक, गरीब माणूस अडकतोय. ते म्हणले, गॅरेज कुणाच्या जागेत हाय ते इसरू नको." सोनाजीनं मान वर केली. "तुम्ही आपल्यातले हाय. आपलं माणूस उघड्यावर पडंल असं करू नका. त्याचं मोर्चावाले बघतील, त्याच्यामागं लई जण हायत."

त्रिंबकला हे बोलणं टोचलं, कारण ते त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. लांबचं का होईना, नातं निघालं होतं. गावी गेल्यावर कोण काय म्हणेल हेही त्याला ठाऊक होतं.

"मागं कुणी नाही त्याच्या," तो म्हणाला. "ड्युटी केली म्हणून त्याची माणसंही रुसली आहेत. मी जे पाहिलं ते मी सांगणार, सोनाजी. पण मी सांगितलं तर ते अनुमान. काकासाहेबांचा वकील एका दमात उडवून लावील. तू सांगितलंस तर ती साक्ष."

सारजाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कडुबाची लक्ष्मीबाई पान्यावर भेटती मला," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन दिवस झाले, मी तिला म्हणतीया, सुटंल, सुटंल. तुमाला ठावं असून तुमी मला तसं म्हणू दिलं?"

सोनाजीनं हात फडक्याला पुसले. बोट न् बोट पुसलं. मग शेडचं दार ओढून घेतलं.

"चला," तो म्हणाला.

६

करमाडच्या शेतात कडब्याची मोठी गंजी होती. फौजदारांच्या माणसांनी एका बाजूच्या पेंढ्या उपसल्या, तशी आतून ताडपत्री दिसली.

काकासाहेब बांधावर उभे होते. ना घाबरले, ना चिडले. "माझं मशीन माझ्या शेतात आहे," ते म्हणाले. "कुठला गुन्हा झाला, फौजदारसाहेब?"

"मग फिर्याद कशाची दिलीत?" त्रिंबकनं विचारलं.

काकासाहेबांनी कोटाची बटणं लावली. त्रिंबक थांबून राहिला. वारा कडब्यातून सळसळत गेला.

"शनिवारी दुपारी तुम्ही कडुबाला पुढच्या फाटकावर खिळवून ठेवलंत," मग त्रिंबकच म्हणाला. "काळजी म्हणून नाही. त्यानं मागं फेरी मारू नये म्हणून, आणि पुढचं फाटक त्याच्याच हवाली होतं हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं म्हणून. बद्रीनाथ शुक्रवारीच गंगापूरला गेला होता. गावानं त्याला तिथं पाहिलंय. म्हणजे ऑफिसातली चावी तुमच्याशिवाय कुणी घेऊ शकत नव्हतं. तुमचा सगळा डाव त्या पाइपावर उभा होता. गाडी त्याखालून जात नाही, हे फौजदारांनी डोळ्यांनी पाहावं, एवढंच तुम्हाला हवं होतं. नुसता विमा हवा असता, तर मशीन बाहेरगावी विकून मोकळे झाला असता. तुम्हाला कडुबा हवा होता."

"तुम्ही शेतकऱ्याच्या घरात जन्मला नाहीत," काकासाहेब शांतपणे म्हणाले. "तुम्हाला नाही कळायचं. मागच्या बंदला कामगारांना सुट्टी द्या म्हणून तो माझ्यासमोर उभा राहिला, आणि त्याच्यामागं सगळे कामगार. आमच्या भावकीतलेसुद्धा. दिली मी सुट्टी. आणि गावात पारावर मला विचारलं, काका, कारखान्याचा मालक कोण? कामावरून काढला असता तर सगळे उठून त्याच्या मागं गेले असते. चोर ठरला असता तर कुणी गेलं नसतं."

हे ऐकून फौजदारांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली. ते स्वतः काकासाहेबांच्याच शेजारच्या गावचे होते. थोडा वेळ त्यांनी मळ्याकडं पाहिलं.

"जीपमध्ये बसा, काकासाहेब," ते म्हणाले. "पुढच्या सीटवर बसा. पण बसा."

७

कडुबा सुटला तेव्हा दिवस कलला होता. पोलीस ठाण्याच्या फाटकाबाहेर लक्ष्मीबाई उभी होती. तिच्यापासून चार पावलं लांब, पिकअपला टेकून, सोनाजी. त्रिंबक स्कूटरला किक मारायचं सोडून थांबला.

कडुबा सोनाजीसमोर येऊन उभा राहिला. पुष्कळ वर्षं एकाच टपरीवर चहा घेतलेली ही दोन माणसं.

"ठाऊक व्हतं तुला," कडुबा म्हणाला.

"व्हय."

"कोठडीत मी इचार करत व्हतो, कुणी केलं आसंल. सगळ्यांची नावं आली डोक्यात. तुझं नाय आलं."

लक्ष्मीबाईनं तोंड फिरवलं.

"गॅरेज?" कडुबानं विचारलं.

"गेलं. काकासाहेबांच्या पोरानं दुपारीच सामान बाहेर काढलं. वाळूजच्या रस्त्याला बसंन कुठंतरी. चल, घरी सोडतो तुमाला."

"घरी आम्ही चालत जातो." कडुबानं बायकोच्या हातातली पिशवी घेतली. दोन पावलं गेला आणि वळला. "उद्या विद्यापीठाच्या गेटवर सभा हाय. वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया यायच्या म्हणत्यात. त्यांना न्यायला गाडी पाहिजे."

"मी आणतो."

"ऐक आधी. गाडीला निळा झेंडा लागंल. शहागंजावनं जावं लागंल, तिथं तुझ्या गावची माणसं माल घेऊन बसत्यात. तुझी भावकी नामांतराच्या इरोधात हाय. सगळी बघतील तुला."

सोनाजीनं ओठांवरून जीभ फिरवली. त्रिंबकला वाटलं, हा आता काहीतरी सबब सांगणार. गावच्या पारावर, लग्नकार्यात, पुढची कितीतरी वर्षं याला हे ऐकून घ्यावं लागणार होतं. आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं.

"बघू दे," सोनाजी म्हणाला. "कवा येऊ?"

"सकाळी. आन् उशीर करू नको, सोनाजी. एकदा केलास तेवढा बास."

नवरा-बायको रस्त्याच्या कडेनं चालत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई उजाडायच्या आधी पाण्याला निघाली, तेव्हा वस्तीच्या तोंडाशी गाडी उभी होती. काचा दवानं पांढऱ्या झालेल्या. सोनाजी आत घोंगडं पांघरून, स्टिअरिंगवर हात ठेवून जागा बसला होता. शेजारी सारजाबाई.